मुलीच्या वतीने

एकतीस वर्षं मी माल नापास करण्याची नोकरी करतोय. सरकारी कारखाना, गुणवत्ता विभाग. आमच्याकडे लागणारे सुटे भाग पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान लहान शेडमध्ये तयार होतात, आणि ते गाडीत चढण्याआधी कोणीतरी तिथे जाऊन मोजायचे असतात. तो कोणीतरी म्हणजे मी. कळवून जायचं नाही, व्हेंडरची कॉफी प्यायची नाही आणि जे स्वतः मोजलं नाही त्याखाली सही करायची नाही, हे माझे तीन नियम. त्यांच्यामुळे पीण्यात मला मित्र फारसे नाहीत. पण माझ्या सहीचा माल कधी परत आला नाही, हे मी जरा मिरवूनच सांगतो.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे मी जो घोळ घातला तो दुसऱ्या कुठल्या नोकरीतल्या माणसाने घातला नसता.

देवश्री ही आमची एकुलती मुलगी, सव्वीस वर्षांची. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, व्हाइटफील्डला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट. मार्चमध्ये एका शनिवारी ती बॅग घेऊन यशवंतपूरला आमच्याकडे आली. "थोडे दिवस इथूनच काम करते," म्हणाली. मग हळूहळू ते कामही थांबलं. रजा टाकली आणि बारा-बारापर्यंत अंथरुणात पडून राहायला लागली. जेवायला हाक मारली की यायची, पोळीचे तुकडे ताटात इकडून तिकडे करायची आणि उठायची. तिची आई नयना रोज काहीतरी नवीन करायची. एक दिवस थालीपीठ, एक दिवस बिसीबेळे भात, एक दिवस पुरणपोळीसुद्धा. मुलीची भूक काही परत आली नाही, माझं वजन मात्र तीन किलोंनी वाढलं.

काय झालंय ते मी एकदा विचारलं होतं. "काहीच नाही झालं बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे," असं उत्तर मिळालं. त्याचा अर्थ मला लागला नाही. पुन्हा विचारायचा धीरही झाला नाही.

जूनमध्ये एकदा सकाळी ती आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला थेरपिस्टशी बोलायचंय. मी शोधत होते, पण ती यादी बघूनच दमायला होतं. कोण कशासाठी असतं तेच कळत नाही. तू शोधून देशील?"

नयनाचा डाव आमटीतच राहिला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच या घरात मला जमण्यासारखं काम निघालं होतं.

"बघतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तासाभरात माझं डोकं भंजाळलं. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, थेरपिस्ट, लाइफ कोच, हीलर! एकीच्या नावापुढे सात अक्षरांची पदवी होती, एकाचा नुसताच डोंगरावर हात पसरून काढलेला फोटो. आमच्याकडे नट आणि बोल्टमध्ये गल्लत झाली तर चौकशी बसते. इथे सगळे एकाच ट्रेमध्ये ओतलेले. चार दिवस फोन करकरून मला एवढं उमगलं, की मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, पण त्यांचं रीतसर शिक्षण असतं आणि नोंदणी क्रमांकही असतो. समुपदेशकांमध्ये चांगले शिकलेले पुष्कळ आहेत, पण तो शब्द दारावर लावायला कोणाची परवानगी लागत नाही, तेव्हा काय शिकलात हे ज्याचं त्याने विचारून घ्यायचं. मी सगळ्यांना विचारलं. शिक्षण कुठे झालं, नोंदणी क्रमांक काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, भाषा कोणत्या येतात. दोघांनी फोन ठेवून दिला. एक बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलीलाच फोन करू दे ना." त्यांच्या नावापुढे मी 'सहकार्य नाही' असा शेरा मारला.

होय, तक्ता केला होता. तेवीस नावं, अकरा रकाने.

नयनाने तो पाहिला आणि म्हणाली, "अहो, पोरीसाठी डॉक्टर शोधताय की कारखान्यासाठी पंप?"

"तू स्वल्प थांब. घाईत घेतलेला माल..."

"माल!" असं म्हणून ती निघून गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

यात तीन आठवडे गेले. मध्ये एकदा देवश्रीने विचारलं, "झालं का रे काही?" मी म्हणालो, "काम चालू आहे. शेवटच्या टप्प्यात आहे." ती "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मला वाटलं, हिचा माझ्यावर विश्वास आहे.

तेविसातून तीन नावं उरली. आता कागदावरून निवड होईना. मग मला जे सुचलं ते त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं. व्हेंडर कसा आहे हे फोनवरून कळत नाही, तिथे न कळवता जावं लागतं. मी ठरवलं, आपणच पेशंट म्हणून जायचं. त्रास सगळा देवश्रीचा सांगायचा, फक्त माझा म्हणून. कोण नीट ऐकतं, कोण काय विचारतं, ते बघायचं आणि पास झालेल्या माणसाकडे मुलीला पाठवायचं. घरात कोणालाच सांगितलं नाही.

पहिले होते मानसोपचारतज्ज्ञ, मत्तीकेरेतल्या एका नर्सिंग होममध्ये बसणारे. झोप येत नाही, जेवण जात नाही, उठवत नाही, असं मी घडाघडा सांगितलं. त्यांनी दहा मिनिटांत नेमके प्रश्न विचारले, थायरॉइडची तपासणी लिहून दिली, एक गोळी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. माझ्या नावावर! ती चिठ्ठी मी ऑफिसच्या बॅगेत तळाशी दडवली आणि तक्त्यात लिहिलं, 'काम चोख. वेळ कमी. राखीव.'

दुसऱ्या बाई कोरमंगलात. तिथे खुर्चीच नव्हती, जमिनीवर फुगीर उशी होती आणि माझ्या गुडघ्यांचं वय सत्तावन्न. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे दुःख तुम्हाला शरीरात कुठे जाणवतं? मी भांबावलो. देवश्रीला कुठे जाणवतं ते मला काय ठाऊक? मी मान दाखवली आणि म्हणालो, सर्व्हायकल आहे. शेवटी त्या म्हणाल्या, चार सेशनमध्ये तुम्ही नवे माणूस व्हाल, माझी गॅरंटी. गॅरंटी हा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप मोजपट्टीकडे जातो. नापास.

पण तिथून बाहेर पडताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शरीरात कुठे? आपण हिचे बाप, आणि एवढंही माहीत नाही? मग वाटलं, कोणत्या बापाला माहीत असतं? मग वाटलं, नयनाला असेल. तिला विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या नीरजाबाई. मल्लेश्वरमला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मूळच्या बेळगावच्या, चाळिशीच्या. तोपर्यंत जुलै निम्मा सरला होता, देवश्रीने मला विचारल्याला सहा आठवडे झाले होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी दोनला गेलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी सवयीने नको म्हणालो.

"कुठल्या भाषेत बोलायला बरं वाटेल तुम्हाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

तक्त्यात 'भाषा' हा रकाना होता, पण हे कोणी आपणहून विचारलं नव्हतं. "मराठी," मी म्हणालो.

"मग मराठीतच बोलू की." त्यांनी एक कागद पुढे केला. इथे बोललेलं इथेच राहील, घरच्यांनाही सांगणार नाही. फक्त तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तरच दुसऱ्या कोणाला कळवावं लागतं, तेही शक्यतो तुम्हाला सांगून. एका भेटीत काही ठरत नाही. दोन-तीन भेटींत जमतंय का ते बघायचं, आणि नाही जमलं तर तसं सांगायला संकोच करायचा नाही, त्याच दुसरं नाव सुचवतील. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले आणि सही केली.

मग नेहमीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. उठवत नाही, खाववत नाही, कामावर जाववत नाही.

"सकाळी जाग आल्यावर मनात पहिलं काय येतं?"

"उठवत नाही."

"ते कळलं. पण पडल्या पडल्या काय येतं मनात?"

बंद दाराच्या अलीकडचं मला सगळं माहीत होतं. पलीकडचं काहीच नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "भीती वाटते."

"कशाची?"

"आज काय दिसेल याची."

हे कोण बोललं? देवश्रीचं तर हे नव्हतं. रोज सकाळी मी तिच्या दाराशी जातो, आत हालचाल ऐकू येते का बघतो आणि मग आंघोळीला जातो. ते माझं होतं. माझं मलाच कळेना, की मी आता कोणाच्या वतीने बोलतोय.

नीरजाबाईंनी ते लिहून घेतलं. "हे कोणाला सांगितलंय तुम्ही?"

"बाबांना," मी म्हणालो.

तोंडून गेलं खरं. देवश्रीची उत्तरं देता देता मी पुरता देवश्री झालो होतो. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचे वडील असू शकतात.

"बाबा काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"कधीची गोष्ट ही?"

"सहा आठवडे झाले."

"मग?"

"ते बघतायत."

त्यांनी मान हलवली आणि वहीवरून नजर उचलून अगदी साध्या आवाजात, जेवलात का विचारावं तसं विचारलं, "या सहा आठवड्यांत कधी असं वाटलं का, की जगूच नये? जीव द्यावा?"

बेकरीतून पाव भाजल्याचा वास येत होता. खाली कोणीतरी कन्नडमध्ये रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. 'नाही' म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द. पण मी तो मोजलेला नव्हता. माझी मुलगी चार महिने बंद दाराआड पडून होती आणि हा प्रश्न माझ्या अकरा रकान्यांत कुठेही नव्हता. मला भीती वाटली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे तसं वाटतं पण नीट सांगता येत नाही, असं?"

"नाही हो. मला खरंच माहीत नाही. हे माझं नाहीच. माझ्या मुलीचं आहे सगळं."

मग मी सगळं ओकलो. तक्ता, तीन नावं, मत्तीकेरे, कोरमंगला. नीरजाबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"रागवावं की काय करावं मला कळेना बघा," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे? तिने आपणहून मागितलं, आणि तुम्ही सहा आठवडे आम्हाला तपासत बसला?"

"चुकीच्या माणसाकडे जाऊ नये म्हणून..."

"चुकीच्या माणसाकडे गेली असती तर दुसऱ्या वेळी बदलला असता की. दोन नावं तिच्या हातात दिली असती तरी झालं असतं." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "असू दे. आता ऐका. घरी जा आणि मी तुम्हाला विचारला तो प्रश्न तुम्ही तिला विचारा. याच शब्दांत. आडून आडून नको."

"पण तिच्या मनात नसेल आणि माझ्या विचारण्याने आलं तर?"

"येत नाही. सगळ्या आईबापांना हीच भीती असते. विचारल्याने ते मनात येत नाही. असलं तर सांगायला जागा मिळते. ती हो म्हणाली तर घाबरून उपदेश करू नका, रडू नका, एकटं सोडू नका आणि मला लगेच फोन करा. आजच काही करायचं तिच्या मनात आहे असं वाटलं तर फोनचीही वाट न बघता सरळ इस्पितळात न्या. नाही म्हणाली तरी माझा नंबर द्या. फोन तिने स्वतः करायचा, आज मी वाट बघेन. जमलं तर मी तिला बघेन."

"आणि ती तुमच्याशी काय बोलली ते मला..."

"कळणार नाही." त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. "हे तुमच्यासाठी. बापलेकींना एकाच माणसाने बघू नये. आणि तुम्हाला काहीच त्रास नाही असं समजू नका. भीती वाटते म्हणालात ते तुमचंच होतं ना?"

मी मान हलवली आणि ग्लासातलं पाणी गटागटा प्यायलो.

रिक्षात बसलो. "एल्लिगे सार्?" ड्रायव्हरने दोनदा विचारलं तेव्हा कळलं की पत्ताच सांगितला नाही. वाटेत प्रश्न घोकला. इंग्रजीत चटकन म्हणता येत होता, पण ती ऑफिसची भाषा, तिच्यात कोणाला काही लागत नाही. मराठीत 'जीव' या शब्दाशी येऊन अडकत होतो. ज्या मुलीला 'जिवा' म्हणून कडेवर घेतली तिला हे कसं विचारायचं? मध्येच वाटायचं, उगाच बाऊ करतोय, ती बाई काही देव नाही. लगेच वाटायचं, रिक्षा एवढी हळू का चाललीय? यशवंतपूरच्या सिग्नलला मी उतरून पळायच्या बेतात होतो.

नयना स्वयंपाकघरात उद्याच्या इडलीसाठी नारळ खवत होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिने खवणी बाजूला ठेवली.

"मलाही तेच विचारायचंय," ती म्हणाली. "महिना झाला. दाराशी जाते आणि परत येते." मग पदराने हात पुसत म्हणाली, "तुम्ही जा. मी आले तर रडेन."

दार वाजवलं. देवश्री भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बंद लॅपटॉप. मी पलंगाच्या कडेला बसलो. सुरुवात कुठून करायची ते ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"देवू, तुला असं वाटतं का कधी, की जगूच नये? जीव द्यावा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, बाबा, काहीतरीच काय.

"हो," ती म्हणाली. "रोज नाही. पण हो."

मला सांगितलं होतं रडू नका. मी दातांनी ओठ धरून ठेवला.

"आज?"

"आज नाही." ती लॅपटॉपवर नखाने रेघा ओढत होती. "मागच्या आठवड्यात होतं. मला वाटलं, तू विसरलास. मग वाटलं, तुझं बरोबरच आहे, कोण किती दिवस बघत बसणार."

मी तिला खरं काय ते सांगितलं. तीन खोट्या भेटींसकट. ती हसली नाही, रागावलीही नाही. फक्त मध्येच म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं असतं ते तू सांगून आलास?"

"नाही गं. मला काहीच सांगता आलं नाही. तुझ्यातलं मला काही माहीतच नव्हतं." एवढं बोलल्यावर मात्र मला रडू आवरलं नाही. तिने माझा हात धरला. तो तिने धरायचा की मी, हे दोघांनाही नीट कळलं नसावं.

नीरजाबाईंचा नंबर दिला. "आत्ता केला तर चालेल?" तिने विचारलं. त्या वाट बघतायत, मी सांगितलं. कडी लावू नको म्हणालो, आणि तिने मान्य केलं.

"बाबा, पण तू बाहेर जा."

मी बाहेर आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. चार पावलांवर स्वयंपाकघर. नयना ओट्याला टेकून उभी होती, कान सगळा तिकडे. देवश्रीचा आवाज आला, "हॅलो... हो, मीच..." आणि मग खाली गेला. एखादा शब्द येत होता, एखादा नाही.

"काय म्हणतेय हो?" नयना कुजबुजली आणि दाराकडे सरकली.

मी तिचं मनगट धरलं. खवलेलं खोबरं, दोन मिरच्या, जे हाताला आलं ते मिक्सरच्या भांड्यात लोटलं आणि बटण दाबलं. घर आवाजाने भरून गेलं. चटणी वाटून झाली तरी मी तो बंद केला नाही. शेवटी भांडं तापलं म्हणून थांबलो, तर त्या शांततेत आतून तिचा रडण्याचा आवाज आला, आणि मग ती भराभर काहीतरी सांगायला लागली, चार महिन्यांत या घरात कोणाशी बोलली नव्हती तितकं. मला ते ऐकायचं होतं. आयुष्यात कुठल्याच गोष्टीसाठी माझा जीव इतका तुटला नव्हता.

मी बटण पुन्हा दाबलं.